वीस घटका

धामणखेडच्या सरकारी शाळेत वेळेचा मालक एकच होता, आणि तो तांब्याचा होता. घंगाळभर पाण्यावर एक पातळ वाटी तरंगत असे. तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे भोक होते. त्यातून पाणी आत चढत राही आणि वाटी भरली की ‘टण्’ असा आवाज करून तळाशी बसे. तेवढा वेळ म्हणजे एक घटका, आणि अशा अडीच घटकांचा साहेबाच्या घड्याळातला एक तास. ज्या मुलाची पाळी असे तो वाटी काढून रिती करी, पुन्हा पाण्यावर ठेवी आणि भिंतीवर खडूची एक रेघ ओढी. सूर्योदयापासून वीस रेघा झाल्या की शाळा सुटे. एकोणिसावर कधी सुटली नाही आणि एकविसावर कधी गेली नाही, याचा गोपाळकृष्ण पंतोजींना रास्त अभिमान होता.

पंतोजी मूळचे अमरावतीचे. घरी तीन पिढ्यांची भिक्षुकी. ती सोडून ते पुण्यास गेले, शिक्षकांच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकले आणि परतले ते एक निश्चय करून, की जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही. निश्चय चांगला होता. त्याला एक पुरवणी जोडावी लागते, ती मात्र त्यांना पुण्यात कोणी शिकवली नव्हती.

अमेरिकेत लढाई जुंपून तिसरे वर्ष लागले होते. तिकडचा कापूस अडला, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. अकोल्याच्या बाजाराकडे गाड्यांची रांग लागे ती दिवसभर तुटत नसे. शाळेला हे दिवस वाईट असावेत अशी पंतोजींची अटकळ होती. पण झाले उलटेच. परगावचे दलाल, त्यांचे छापील कागद आणि इंग्रजी मोहोरा पाहून कुणब्यांच्या ध्यानात आले की आपल्या घरात एक तरी वाचणारा हवा.

त्यांतलेच एक नत्थुजी. गावापासून एक कोसावरच्या वाडीत त्यांचे शेत आणि घर. भाद्रपदात त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, सूर्यभानला, शाळेच्या पायरीवर आणून उभे केले.

“पंतोजी, मांस तुमचं, हाडं आमची. चुकला तं झोडपा. पन माही एक अट हाय.”

“सांगा.”

“वेचणीच्या दिसांत आमी दोघं नवराबायको दिवस बुडेपर्यंत वावरात राहतो. वेचलेला कापूस खळ्यात पडला राहते. गुरं घरी याच्या आंधी पोरगं तिथं पायजे. नाई तं गुरं कापसात शिरतात.”

“वीस घटकांना मी सोडतो. एक कोसाला दोन घटका. बाविसाव्या घटकेला तो खळ्यात असेल.”

“शब्द देता?”

“शब्द कशाला? हे गणित आहे.”

“आमाले शब्द बरा वाटते,” नत्थुजी म्हणाले. पण मुलाला ठेवून गेले.

मुलगा चलाख निघाला. आठवड्याभरातच त्याने विचारले, “पृथ्वी फिरते म्हणता, मंग विहिरीतलं पाणी सांडत काहून नाई?” पंतोजींनी त्या दिवशीचा उरलेला पाठ बाजूला ठेवून त्या एका प्रश्नावर दोन घटका घालवल्या. असा मुलगा आपल्या वाट्याला आला याचा त्यांना आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर दाखवण्याची त्यांची रीत नव्हती.

वाटी शाळेत आली होती ती माणिकबाईंकडून. त्यांचे यजमान गावचे जोशी. ते वारल्यावर लग्नाचे मुहूर्त साधायला घरात कोणी उरले नाही, तेव्हा बाईंनी घटिकापात्र शाळेला दिले. देताना म्हणाल्या, “भांड्याला नदीच्या पाण्याची सवय आहे हो, पंतोजी.”

पंतोजी मनातल्या मनात हसले. सवय माणसाला असते, जनावराला असते, भांड्याला नसते. त्यांनी बाईंचे आभार मानले आणि घंगाळ धर्मशाळेमागच्या विहिरीच्या पाण्याने भरले. शाळा धर्मशाळेतच भरे आणि विहीर तीस पावलांवर होती. पूर्णा नदी मात्र अर्ध्या कोसावर.

पंतोजी तिथल्याच एका खोलीत एकटे राहत आणि हाताने स्वयंपाक करीत. त्यांची तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. त्यांनी सरपण बदलून पाहिले, वाणी बदलून पाहिला, शेवटी डाळच जुनी आहे असे ठरवून टाकले आणि कडक डाळ चावून खाण्याची सवय लावून घेतली. अमरावतीत डाळ शिजत होती. तेव्हा दोष इकडच्या डाळीचा, हा निष्कर्ष त्यांना पुरेसा वाटला.

कार्तिकात नत्थुजींची पहिली तक्रार आली आणि मार्गशीर्षात दुसरी. दुसऱ्या वेळी ते स्वतः आले आणि पायरीवर बसले.

“पोट्टं उशिरा येऊन राहिलं, पंतोजी. भादव्यात यायचं, भाकर खायचं, खेळायचं, मंग गुरं यायची. आता गुरं येऊन उभी राहतात अन् याचा पत्ता नाई.”

“मी वीस घटकांनाच सोडतो. भिंतीवर रेघा आहेत, मोजून पाहा.”

“तुमचं खोटं नाई म्हणत मी. पोट्टं म्हणते, पंतोजीनं आत्ताच सोडलं. मंग खोटं कोनाचं?”

पंतोजींनी प्रश्न हाती घेतला तो गणिताचा म्हणून. भाद्रपदात मुलगा आला तेव्हा सूर्य किती वर असे आणि आता किती असतो, हे त्यांनी नत्थुजींना हात उंचावून दाखवायला सांगितले. नत्थुजी कासऱ्यांत, म्हणजे बैलाच्या दोरीच्या लांबीने, बोलत होते. ते माप पंतोजींना पसंत नव्हते, पण त्यांनी त्याच्या घटका केल्या. फरक निघाला सुमारे साडेपाच घटकांचा. मग पंचांग उघडले. पंचांगातल्या शुभाशुभावर त्यांचा विश्वास नव्हता, पण दिनमानाच्या आकड्यांवर होता.

“दिवस लहान होतो आहे, नत्थुजी. भाद्रपदात साडेतीस घटकांचा होता, आज सव्वासत्तावीसांचा आहे. म्हणजे साडेपाचांपैकी सव्वातीन घटका सूर्याच्या. उरल्या सव्वादोन.”

“त्या कोनाच्या?”

पंतोजींनी वर्गाच्या कोपऱ्यात बसलेल्या सूर्यभानकडे पाहिले. हिशेबात आणखी कोणी नव्हतेच. “त्या मुलाच्या,” ते म्हणाले. “तेवढा वेळ तो वाटेत घालवतो.”

नत्थुजी उठले आणि त्यांनी हात जोडले. शिकलेल्या माणसाने इतके चोख उत्तर दिल्यावर शंका उरण्याचे कारण नव्हते. बाप आणि गुरू यांचे असे एकमत क्वचितच होते. त्या दिवशी ते पूर्ण झाले, आणि त्याच्या दोन्ही टोकांमध्ये एक दहा वर्षांचा मुलगा सापडला.

पौषात गुरे कापसात शिरली. पांढराशुभ्र ढीग शेणामुताने माखला. नत्थुजी खळ्यात पोचले तेव्हा सूर्यभान वाटेवरून धावत येत होता. बैल हाकायची काठी, तुतारी, हाताशीच होती. तिच्या प्रत्येक फटक्याबरोबर नत्थुजी एकच विचारत होते, “सव्वादोन घटका कुठं व्हता? बोल, सव्वादोन घटका कुठं व्हता?” मुलगा म्हणत राहिला, “कुठंच नाई, बा. सरळ आलो.” दुसऱ्या दिवशीही हेच झाले. शाळेत पंतोजींनी विचारले तेव्हाही त्याने तेच उत्तर दिले, आणि खोटे बोलल्याबद्दल त्यांनी त्याला दुपारपर्यंत कान धरून उभे केले.

तिसऱ्या दिवशी सूर्यभान कबूल झाला. “नाल्याच्या डोहात पोहत व्हतो,” तो म्हणाला.

मार थांबला. नत्थुजी हलक्या मनाने शाळेत येऊन सांगून गेले, “कबूल झाला. तुमचं बरोबर निंगालं.” पंतोजींनाही बरे वाटले. तर्काने काढलेल्या गोष्टीला साक्ष मिळाली की अभ्यासकाला समाधान होते.

त्यानंतर मुलाने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. काही विचारले तर तो आधी पंतोजींच्या चेहऱ्याकडे पाही, तिथे कोणते उत्तर हवे आहे ते शोधी आणि मग तेवढेच बोले. पंतोजींनी याला सुधारणा मानले.

संक्रांत झाल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारच्या सुटीत, मैनाबाई शाळेत आल्या. सूर्यभानची आई. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. त्या पायरीखालीच उभ्या राहिल्या.

“पंतोजी, माह्यं पोट्टं खोटं बोलून राहिलं.”

“ते आम्हाला ठाऊक आहे, बाई. आता कबूलही झाला आहे.”

“तेच तं! कबुली खोटी हाय. त्या डोहात पौषापासून पानी नाई, निस्ता चिखल हाय. त्याच्या पायाले चिखल नाई, अंगाले गाळ नाई. मी आई हाय त्याची, धोतर मी धुतो. कोरड्या डोहात पोहते कोनी?”

“मग दुसरीकडे गेला असेल.”

“तुमी म्हणलं, दिवस लहान झाला. खरं हाय. पन आता संक्रांत झाली. दिवस तिळातिळानं वाढते. मंग पोट्ट्याचं येनं उजेडाकडे सरकाले पायजे का नाई? ते अजून उशिरा येऊन राहिलं. मार खाऊन, कबूल होऊन, धावत येऊन उशिरा! हे तुमच्या पुस्तकात कसं बसते?”

हे पुस्तकात बसत नव्हते. पंतोजींच्या ते ताबडतोब ध्यानात आले, आणि हा प्रश्न आपल्याला का पडला नाही हेही त्यांच्या मनात आले. दिवस वाढू लागल्यावर फरक कमी व्हायला हवा होता. निरक्षर बाईने मांडलेली ही शंका त्यांच्या परीक्षेत पूर्ण गुणांची ठरली असती.

“ते भांडं पाहू द्या मले,” मैनाबाई म्हणाल्या. मग जरा अडखळून विचारले, “शिवलं तं चालते?”

“शिवा.”

त्या वर आल्या. घंगाळातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. “या विहिरीचं पानी घेता? बाप्पा! याच्यात तं डाळ शिजत नाई.”

पंतोजींना आपल्या चुलीवरची डाळ आठवली.

मैनाबाईंनी वाटी उलटी करून उजेडात धरली. बुडाशी, भोकाच्या भोवती, पांढरट पापुद्रा चढला होता. त्यांनी तो नखाने खरवडला. “हा खार. आमच्या हंड्याले असाच येते. इकडच्या जमिनीतच हाय तो. दोन महिन्यांत झारीची तोटी बुजवून टाकते. तुमचं भोक तं सुईएवढं.”

त्यांना परत वावरात जायचे होते. जाताना त्यांनी एवढेच म्हटले, “मले मोजता येत नाई. तुमाले येते. मोजा.”

त्यानंतरच्या रविवारी शाळा बंद होती. पंतोजींनी वाटी खरवडली नाही, आहे तशीच ठेवली. पूर्वेला सूर्याची कड दिसताच त्यांनी ती पाण्यावर सोडली आणि सूर्य मावळेपर्यंत घंगाळापाशी एकटेच बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. पंचांगात त्या दिवसाचे दिनमान सत्तावीस घटका चाळीस पळे, म्हणजे पावणेअठ्ठावीस घटकांना थोडे कमी होते. भिंतीवर रेघा झाल्या चोवीस, आणि पंचविसावी वाटी निम्मी भरली होती.

त्यांनी त्रैराशिक मांडले. वाटीच्या वीस घटका म्हणजे खऱ्या साडेबावीसांहून अधिक. दर दिवशी शाळा साहेबी घड्याळाच्या एका तासाने उशिरा सुटत होती. गावातली मुले हाकेच्या अंतरावर राहत आणि त्यांचे आईबाप वावरांत असत, त्यामुळे कोणाला कळले नाही. कळले ते एका वाडीला. कराराप्रमाणे बाविसाव्या घटकेला खळ्यात पोचायचे, तर सूर्यभानला शाळा सुटण्यापूर्वीच घरी असायला हवे होते.

पंतोजींनी दुसरे कारण शोधून पाहिले. सापडले नाही.

मग एक सोपी वाट दिसली. वाटी चिंचेने घासावी, घंगाळात नदीचे पाणी भरावे आणि गप्प राहावे. उद्यापासून मुलगा वेळेवर घरी पोचेल. छडीचा गुण आला असे गाव म्हणेल. नत्थुजी पुन्हा हात जोडून जातील. या वाटेत कोणाचेही नुकसान दिसत नव्हते, कारण ज्याचे व्हायचे ते आधीच होऊन गेले होते. या विचारापाशी पंतोजी बराच वेळ होते. ते त्यांनी पुढे कधी कोणापासून लपवले नाही.

सकाळी ते वाटी हातात घेऊन वाडीवर गेले. नत्थुजी अकोल्याला नेण्याची गाडी भरत होते. सूर्यभान गाडीत उभा राहून कापूस तुडवीत होता. मैनाबाई खाली उभ्या होत्या.

“नत्थुजी, माझे चुकले,” पंतोजी म्हणाले. “वाटी हळू चालत होती. खाराने भोक बुजत आले आहे. मुलाने वाटेत एक पळही घालवलेले नाही. तो सांगत होता ते अक्षरशः खरे होते.”

नत्थुजींच्या हातातला कापूस हातातच राहिला. “मंग त्या सव्वादोन घटका?”

“त्या शाळेच्या होत्या. माझ्या.”

“तुमी तं म्हणलं, हे गणित हाय.”

“गणित बरोबर होते. ज्याच्यावर उभे केले ते मी तपासले नव्हते. माणिकबाईंनी सांगितले, मी ऐकले नाही. मुलाने सांगितले, मी ऐकले नाही.”

नत्थुजी गाडीच्या चाकाला टेकले. खाली बघून ते बोलले. “हात माहा व्हता, पंतोजी. पन मोजून तुमी देल्लं.”

पंतोजी गाडीजवळ गेले आणि मान वर करून म्हणाले, “सूर्यभान, तू डोहावर गेला नव्हतास. खरे ना?”

मुलाने बापाकडे पाहिले, आईकडे पाहिले, मग पंतोजींच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिथे बराच वेळ काहीतरी शोधले.

“गेलो व्हतो,” तो म्हणाला.

मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या खळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. मुलगा पुन्हा कापूस तुडवू लागला.

त्यानंतर धामणखेडच्या शाळेत काही गोष्टी बदलल्या. घंगाळात पूर्णेचे पाणी येऊ लागले. आठवड्याला एक घागर, आणि ती ज्याच्या त्याच्या पाळीने घरोघरचे पालक आणून देत. पहिली घागर मैनाबाईंची होती. धर्मशाळेच्या अंगणात एक सरळ खुंटी रोवली आणि मध्यान्हीच्या सावलीसाठी उत्तर-दक्षिण रेघ आखली. तिच्याशी कोणीही येऊन वाटी ताडून पाहावी असे पंतोजींनी दवंडी देऊन कळवले. दर रविवारी दोघेचौघे आईबाप येऊ लागले. सुरुवातीला कुतूहलाने आले, नंतर मुलाच्या अक्षराविषयी, खोकल्याविषयी, न जमणाऱ्या पाढ्यांविषयी बोलायला. मुलाविरुद्धची तक्रार मूल समोर असल्याखेरीज ऐकायची नाही, असा नियम पंतोजींनी स्वतःपुरता केला. माणिकबाई एकदा काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “काय पंतोजी, भांड्याची सवय सुटली का?” सगळे हसले. पंतोजी म्हणाले, “भांड्याची राहिली, बाई. माझी सुटली.” त्यांची डाळही आता शिजत होती.

सूर्यभान मात्र तसाच होता. वेळेवर येई, वेळेवर जाई, विचारले तेवढे बोले. नत्थुजी रविवारी येत, खुंटीपाशी उकिडवे बसत आणि मुलाकडे न बघता परत जात. मुलाच्या पाठीवरचे वळ कधीच गेले होते. उरले होते ते मोजण्याचे साधन पंतोजींकडे नव्हते.

फाल्गुनातल्या एका सकाळी वाटीची पाळी सूर्यभानची होती. सहावी रेघ ओढून तो तिथेच उभा राहिला. पंतोजी फळ्यावर बेरीज मांडत होते.

“पंतोजी.”

त्यांनी वळून पाहिले.

“मले वाटते, वाटी आज हळू चालून राहिली.”

मागच्या रविवारीच वाटी ताडून पाहिलेली होती. चिंचेने घासलेली होती, पाणी कालचेच ताजे होते. पंतोजींना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी खडू खाली ठेवला.

“दुपारी ताडून पाहू,” ते म्हणाले. “खुंटीपाशी तू बस. सावली रेघेवर आली की सांग.”

मध्यान्हीला अख्खा वर्ग अंगणात जमला. सूर्यभान खुंटीपाशी पालथा पडून सावलीकडे पाहत होता. सावली रेघेला भिडताच तो ओरडला, “आली!” आत वाटीजवळ उभ्या असलेल्या पंतोजींनी पाहिले. चौदा घटका पुऱ्या, पंधरावी निम्म्याहून किंचित जास्त. पंचांगातला दिनार्ध तेवढाच होता.

“वाटी बरोबर आहे,” ते बाहेर येऊन म्हणाले. “तू चुकलास.”

मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती. ती त्याने झटकली नाही. तो पंतोजींच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हता. खुंटीकडे पाहत होता.

“मी डोहावर गेलो नव्हतो,” तो म्हणाला.

“हो,” पंतोजी म्हणाले. बाकीची मुले आत परतल्यावर त्यांनी विचारले, “घरी सांगितलेस?”

“काल सांगितलं. बानं गाडी जुपली अन् मले जवळ बसवलं. अकोल्याच्या वाटेनं पार नाल्यापर्यंत नेलं, मंग डोह दाखवून म्हणे, ‘पाह्य, अजून कोरडाच हाय.’”

आत घंगाळाच्या तळाशी टण् असा आवाज झाला. सूर्यभान धावत गेला, वाटी रिती करून त्याने पुन्हा पाण्यावर सोडली आणि भिंतीवर पंधरावी रेघ ओढली.